सेवाभाव कुठे गेला म्हणे!

12 मे, परिचारिका दिन, आला की आपल्याकडच्या रुग्णालयांत एक ठरलेला सोहळा होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार पडतो, मेणबत्त्या लागतात, सामूहिक शपथ होते. मग प्रमुख पाहुणे माइक हातात घेतात आणि समोर बसलेल्या सिस्टरांना ऐकवतात की तुमच्यातला सेवाभाव कमी होत चाललाय. पूर्वीच्या परिचारिका कशा देवदूत होत्या, हल्लीच्या कशा नुसती नोकरी करतात, पगार वाढला तसं मन कसं आटलं, आणि रुग्णाशी दोन शब्द गोड बोलायला पैसे पडतात का. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणी रात्रपाळी संपवून तशाच येऊन बसलेल्या असतात. त्या टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवणं हाही ड्युटीचाच भाग असतो.

पाहुण्यांपुरतंच हे असतं तर सोडून देता आलं असतं. पण हे मत आता सार्वत्रिक झालंय. वॉर्डाबाहेर ताटकळलेले नातेवाईक ते बोलतात, राउंडला आलेले डॉक्टर बोलतात, वर्तमानपत्रांतले पत्रलेखक बोलतात. कॉर्पोरेट रुग्णालयांतली एचआरची मंडळी तर त्याला व्यवस्थापनशास्त्राचा पोशाख चढवून बोलतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: परिचारिकेचं काम तिच्या प्रेरणेवर ठरतं. प्रेरणा ही मनातली गोष्ट, संस्कारांतून आलेली. काम बिघडलंय, म्हणजे प्रेरणा घटली. तेव्हा मनावर काम करा. कार्यशाळा घ्या, ध्यानधारणा शिकवा, 'उत्कृष्ट परिचारिका' म्हणून दर महिन्याला एकीचा फोटो लावा. रिक्त पदं, पगार, पाळ्या, सुरक्षितता या 'प्रशासकीय बाबी' आहेत, त्या यथावकाश बघू.

या मताचा राग येतो तो मुख्यतः ते इतकं सोयीचं आहे म्हणून. वॉर्डात एक माणूस नेमायला पैसा लागतो, मंजुरी लागते, फाइल मंत्रालयापर्यंत जाते. सेवाभाव मागायला फक्त माइक लागतो.

सुरुवात तसबिरीतल्या बाईंपासूनच करू. (ती शपथ त्यांची नव्हे, हे जाता जाता. ती 1893 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये लिहिली गेली, नाव तेवढं त्यांचं लावलं.) क्रायमियाच्या युद्धात, नोव्हेंबर 1854 मध्ये, नाइटिंगेल 38 जणींना घेऊन स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. त्यांच्या निष्ठेबद्दल कोणी शंका घेणार नाही. पण पुढे काय झालं? त्या हिवाळ्यात स्कुटारीतले मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. फेब्रुवारी 1855 मध्ये मृत्यूचं प्रमाण 42 टक्क्यांच्याही वर गेलं. मार्चमध्ये लंडनहून सॅनिटरी कमिशन आलं. त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारं उपसली, पाण्याच्या वाटेतली मेलेली जनावरं काढली, हवा खेळती केली. जूनपर्यंत प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास उतरलं. परिचारिका त्याच होत्या आणि त्यांची तळमळही तीच होती. बदलली ती गटारं. आणि हे मान्य केलं खुद्द नाइटिंगेल यांनी. युद्ध संपल्यावर त्या आकडे घेऊन बसल्या, आलेख काढले आणि सरकारच्या तोंडावर मारले. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला सदस्य. आपण त्यांच्या हातातला दिवा तेवढा उचलला आणि आलेख तिथेच ठेवून दिले.

आता आपल्या वॉर्डात येऊ. जिल्हा रुग्णालयातला मेडिकल वॉर्ड समजा. 40 रुग्ण, त्यातले काही जमिनीवर गाद्या टाकून. रात्री आठ ते सकाळी आठ अशी ड्युटी, आणि सिस्टर एक. बारा तासांची मिनिटं होतात 720. माणशी 18. हा हिशेब सिस्टरने बारा तासांत पाणी प्यायचं नाही, लघवीला जायचं नाही आणि कुठे बसायचं नाही असं धरून. त्या 18 मिनिटांत एका रुग्णाचं तापमान, नाडी, रक्तदाब, रात्री दहाचं आणि पहाटे सहाचं इंजेक्शन, संपलेली सलाईन, सुजलेल्या हातातली कॅन्युला काढून दुसरीकडे लावणं, लघवीच्या पिशवीचं मोजमाप, सकाळच्या तपासण्यांसाठी रक्त, आणि हे सगळं केसपेपरवर लिहिणं. शिवाय नवीन भरती, रक्तपेढीला फोन, औषधांचा इंडेंट, सरकारी आरोग्य योजनेच्या कागदपत्रांतल्या त्रुटी, आणि 'मामा कुठे गेले' म्हणून कक्षसेवकाचा शोध. पहाटे तीनला एकाचा श्वास बिघडला, सिस्टर दीड तास त्याच्यापाशी उभी राहिली, की उरलेल्या 39 जणांच्या वाट्याला 16 मिनिटं आली. त्यात कोणी दगावलं तर तो देह बांधण्याचं आणि त्याच्या माणसांना सावरण्याचं कामही तिचंच.

भारतीय परिचर्या परिषदेचे निकष काय सांगतात? अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक. हे निकष कुठल्या आदर्शवाद्याने स्वप्नात पाहिलेले नाहीत, कागदावर छापलेले आहेत. पाचांच्या जागी 40 देऊन वर 'गोड बोला' म्हणायचं, याला काय म्हणावं?

गोड बोलण्याचंच घेऊ, कारण तक्रारींचा मोठा भाग तिथेच असतो. बिएट्रिस कॅलिश या अमेरिकी संशोधक परिचारिकेने 2006 पासून एक साधा प्रश्न लावून धरला: हात कमी पडले की परिचारिका नेमकं काय सोडून देतात? उत्तर बहुतेक ठिकाणी सारखंच आलं. इंजेक्शन सहसा सुटत नाही. सुटतं ते रुग्णाला उठवून चालवणं, कूस बदलणं, तोंड स्वच्छ करणं, वेळेवर भरवणं, घरी गेल्यावर काय करायचं ते समजावणं आणि शेजारी बसून धीर देणं. म्हणजे जी कामं माणसाला माया वाटतात, नेमकी तीच. परिचारिका निर्दय झाली म्हणून ती सुटत नाहीत. इंजेक्शन चुकलं तर रुग्ण मरेल आणि बोलणं राहिलं तर रुग्ण रागावेल, या दोहोंत तिने निवड केलेली असते, आणि ती निवड बरोबर असते. तुम्ही तिच्या वृत्तीवर ठपका ठेवता, तो खरं तर एक भागाकार असतो.

'पण सगळ्याच काही गणिताच्या बळी नसतात, काही खरंच कामचुकार असतात,' असं यावर म्हटलं जातं. असतात ना. बँकेत असतात, विधिमंडळात असतात, लेखकांत तर विपुल असतात. त्यांच्यावर कारवाई करा, कोणी अडवलंय? मात्र चार जणी टेबलावर डोकं ठेवून झोपल्या म्हणून लाखभर बायकांच्या काळजाचं मोजमाप काढणं हा कुठला न्याय?

प्रेरणेचा कामावर परिणाम होतो, हे मला मान्य आहे. न होऊन कसं चालेल? माझा आक्षेप बाण कुठून कुठे जातो त्याबद्दल आहे. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या 30 दिवसांतल्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढत होती. आणि त्याच अभ्यासात, त्याच एका जादा रुग्णापायी, परिचारिका आतून जळून जाण्याची शक्यता 23 टक्क्यांनी आणि कामाबद्दलच्या असमाधानाची 15 टक्क्यांनी वाढत होती. नीट पाहा. रुग्णही तिथेच मरतात आणि प्रेरणाही तिथेच मरते. दोन्हींचं मूळ एकच. आपले पाहुणे त्यातल्या एका परिणामाला दुसऱ्याचं कारण ठरवतात आणि मुळाला हातही लावत नाहीत.

व्यवस्थापनवाल्यांचा लाडका फ्रेडरिक हर्झबर्गसुद्धा त्यांच्या बाजूने साक्ष देणार नाही. 1959 च्या त्याच्या पुस्तकापासून प्रत्येक एचआर प्रशिक्षणात त्याची दोन घटकांची मांडणी दाखवली जाते. पगार, सुरक्षितता, कामाची परिस्थिती, वरिष्ठांची वागणूक हे एका बाजूला. ते नसले की माणूस वैतागतो, पण असले म्हणून आपोआप उत्साही होत नाही. दुसऱ्या बाजूला खरे प्रेरक: काम पार पाडल्याचं समाधान, दखल, जबाबदारी आणि खुद्द ते काम. एचआरवाले यातून निष्कर्ष काढतात की पगाराने प्रेरणा येत नाही, तेव्हा प्रशस्तिपत्रक द्या. अहो, पण पहिल्या बाजूचं छप्पर उडालेलं असताना दुसऱ्या बाजूचं झुंबर कुठे टांगणार? आणि मुख्य म्हणजे हर्झबर्गच्या यादीत सगळ्यांत वर आहे ते काम नीट पार पाडल्याचं समाधान. तेच तर तुम्ही तिच्यापासून हिरावलंय. पडून राहिलेल्या म्हाताऱ्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे तिला शिकवलंय, तिला पटलंय, तिला करायचंय. पण करता येत नाही, आणि चौथ्या दिवशी त्याच्या माकडहाडापाशी जखम दिसते. अँड्र्यू जेमटन या नीतिविचारकाने 1984 मध्ये परिचारिकांच्या या कोंडीला नैतिक यातना म्हटलं: योग्य काय ते कळतं, पण संस्थाच ते करू देत नाही. ज्याला काही वाटतच नाही त्याला ही यातना होत नाही. म्हणजे सर्वांत आधी कोण मोडतं? जिच्यात सेवाभाव जास्त, ती. तिच्यावरच पुन्हा सेवाभावाचं व्याख्यान!

पैशाच्या मुद्द्यावर तर आपल्याकडे सोवळ्यात बोललं जातं. सेवेला मोल लावलं की ती विटाळते म्हणे. याची विद्वत्तापूर्ण आवृत्तीही आहे. 2005 साली अँथनी हेज या अर्थशास्त्रज्ञाने असा युक्तिवाद केला की परिचारिकांचा पगार कमी ठेवला तर ज्यांना कामाची खरी ओढ आहे त्याच येतील. पगार वाढवाल तर पैशासाठी येणाऱ्यांचा भरणा होईल. कमी पगाराची परिचारिका चांगली का असते, हा त्याच्या लेखाचा प्रश्न. पुढच्याच वर्षी ज्यूली नेल्सन आणि नॅन्सी फोल्ब्रे या दोन अर्थशास्त्रज्ञ बायकांनी उलट बाजू मांडली, की चांगल्या पगाराची परिचारिकाच अधिक चांगली असते. मी फक्त एवढंच विचारते: हा नियम हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना का लावत नाही? त्यांचा पगार अर्धा करून बघू, उरतील ते खरे ध्येयवादी. न्यायाधीशांना, आमदारांना, सनदी अधिकाऱ्यांना का नाही? ध्येयवादाची ही गाळणी नेमकी बायकांच्या व्यवसायांपाशीच का येऊन थांबते? अंगणवाडीताई, आशाताई, सिस्टर. यांच्याच कामाला 'सेवा' म्हणायचं आणि मग मानधनात भागवायचं.

कॅरल प्रॉपर आणि जॉन व्हॅन रीनेन यांनी इंग्लंडमध्ये याचा ताळा पाहिला. तिथे परिचारिकांचा पगार देशभर जवळपास सारखा ठरवून दिलेला. ज्या भागांत बाहेर इतर नोकऱ्यांना जास्त पैसे मिळत होते, तिथे परिचारिका टिकत नव्हत्या, आणि तिथल्याच रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने येणाऱ्यांचे मृत्यू जास्त होत होते. पगार दाबून सेवाभाव शिल्लक राहिला नाही, खाटेपाशी माणूसच राहिलं नाही.

आपल्याकडे 29 जानेवारी 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली: 200 पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार, त्याखाली खाटांनुसार थोडा कमी, आणि 50 खाटांच्या आतल्या रुग्णालयातसुद्धा महिना 20,000 रुपयांच्या खाली नाही. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली, म्हणजे काय झालं हे सांगायला नको. तुमच्या गावातल्या 30 खाटांच्या नर्सिंग होममध्ये जा आणि सिस्टरला हातात किती येतात ते हळूच विचारा. तिची मूळ प्रमाणपत्रं कोणाच्या कपाटात आहेत, तेही विचारा.

सरकारी नोकरीबद्दल वेगळं तुणतुणं. कायम झाल्या की आळसावतात, कंत्राटावर ठेवा, भीती असली की काम होतं. भीती असली की काय होतं ते एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात अमेरिकी रुग्णालयांत पाहिलं. चांगल्या संघांत औषधांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा, आढळलं उलटं. चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे परिचारिका चूक सांगायला घाबरत नव्हत्या. दहशतीच्या वॉर्डात कागद स्वच्छ राहतो आणि चूक रुग्णाच्या रक्तात जाते. दर अकरा महिन्यांनी जिची ऑर्डर नव्याने निघते, ती सिस्टर चुकीचा डोस गेल्याचं कोणत्या बळावर सांगेल?

आणि या भीतीला आपण भरपूर खतपाणी घातलंय. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशु कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. कारवाईत कंत्राटी परिचारिकांच्या नोकऱ्या गेल्या, पुढे परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता कक्षात आग लागली, त्या दिवशी 11 जण गेले. काही दिवसांतच अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. वायरिंग त्यांनी केलं होतं? अग्निशमन यंत्रणेची निविदा त्यांच्या टेबलावर अडली होती? 2023 च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात अर्भकं होती. तेव्हा एका खासदाराने अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यांसमोर स्वच्छतागृह साफ करायला लावलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि किती पदं मंजूर, किती रिकामी, हे विचारलं. दोन्ही प्रतिक्रिया शेजारी ठेवा. त्यातली एक प्रेरणा देण्याची आपली राष्ट्रीय पद्धत आहे.

कोविडमध्ये तर कळसच झाला. 22 मार्च 2020 ला थाळ्या वाजल्या, 3 मे ला हवाई दलाने रुग्णालयांवर फुलं उधळली. त्यानंतर दोनच वर्षांनी राज्य सरकारने परिचारिकांची भरती बाह्यस्रोतातून करण्याचा घाट घातला आणि मे 2022 च्या अखेरीस परिचारिकांना संपावर जावं लागलं. लगेच ओरड सुरू: रुग्णांना वेठीला धरता? एक सिस्टर 40 रुग्णांवर ठेवून वर्षानुवर्षं त्यांना वेठीला कोण धरतं, हा प्रश्न मात्र त्या आठवड्यात कोणाला सुचला नाही.

एवढं सांगूनही कोणीतरी अरुणा शानभाग यांचं नाव काढतंच. बघा, मुंबईतल्या केईएम रुग्णालयाच्या परिचारिकांनी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारिणीला जवळजवळ 42 वर्षं सांभाळलं, अंगावर बेडसोर होऊ दिला नाही. याला म्हणतात सेवाभाव, तो आज कुठे आहे? अहो, तो 18 मे 2015 ला त्या गेल्या तोपर्यंत तिथेच होता. ज्यांनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिलं नव्हतं, अशा नव्या भरतीच्या मुलींनी त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं. खाट रिकामी करण्याचं घाटलं तेव्हा विरोधाला त्याच उभ्या राहिल्या. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही त्यांचं भरभरून कौतुक केलं. त्यांना कोणती कार्यशाळा दिली होती? पण या कथेचा पहिला भाग सांगायचा तुम्ही टाळता. 27 नोव्हेंबर 1973 ला ड्युटी संपल्यावर अरुणा शानभाग कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या. तिथे त्यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या. त्यांच्या मागण्यांत सुरक्षितपणे काम करता येण्याची मागणी होती. परिचारिकांनी आपल्या वाट्याचं 42 वर्षं केलं. आपण आपल्या वाट्याचं किती केलं? 9 ऑगस्ट 2024 ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीची डॉक्टर विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेली होती, तिथेच तिच्यावर हल्ला होऊन तिचा खून झाला. मध्ये जवळजवळ 51 वर्षं गेली होती.

इंग्लंडमध्येही हा वाद होऊन गेलाय. स्टॅफर्डच्या रुग्णालयात 2005 ते 2009 च्या दरम्यान रुग्णांचे अतोनात हाल झाले, माणसं तासन्‌तास घाणेरड्या चादरींवर पडून राहिली. 2013 मध्ये रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल आला. खर्च वाचवून वरचा दर्जा मिळवण्याच्या नादात व्यवस्थापनाने माणसं कमी केली होती, तक्रारींकडे कानाडोळा केला होता, हे त्यात स्वच्छ आलं. तरी सरकारला आधी सुचलं काय? परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलींना करुणा शिकण्यासाठी वर्षभर मदतनिसाचं काम करायला लावावं. मंत्री सगळीकडचे सारखेच. पण त्या अहवालानंतर तिथे आणखी एक गोष्ट झाली. 2014 पासून रुग्णालयांना वॉर्डाच्या दाराशी फलक लावावा लागला: या पाळीत किती परिचारिका हव्या होत्या आणि किती आहेत. कॅलिफोर्नियाने तर 1999 मध्येच कायदा केला, आणि 2005 पासून तिथल्या सामान्य वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचांहून जास्त रुग्ण देता येत नाहीत.

आमचं मागणं तेवढंच आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी, पालिकेच्या आणि खासगी रुग्णालयाच्या प्रत्येक वॉर्डाच्या दारावर तीन आकडे लिहा, मराठीत, मोठ्या अक्षरांत, रोज पाळी बदलली की पुसून नव्याने: आज वॉर्डात रुग्ण किती, ड्युटीवर सिस्टर किती, आणि निकषाप्रमाणे हव्या होत्या किती. बेल वाजवून कंटाळलेल्या नातेवाइकाने आत जाऊन आवाज चढवण्याआधी ते वाचावेत. प्रेरणेवर कार्यशाळा घेणाऱ्यांनी आपली पहिली स्लाइड लावण्याआधी वाचावेत. आणि आरोग्यखात्याने वाचावेत, कारण तिसऱ्या आकड्यातून दुसरा वजा केल्यावर जे उरतं त्याला सेवाभावाचा अभाव म्हणत नाहीत. त्याला रिक्त पद म्हणतात, आणि ते भरायची सही सिस्टरच्या हातात नाही.